खोलीतला फोन, रिसेप्शनचं नाव आणि सोमवारची तिकिटं

न्यूयॉर्कला ब्रॉडवेची नाटकं बघायला जाणाऱ्यांसाठी, आणि त्यातही भारतातून आलेल्या आईवडिलांना सोबत नेणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. मोबाइलवर अनोळखी नंबर दिसला की आता बहुतेक सगळेच सावध होतात. हॉटेलच्या खोलीत पलंगाशेजारी ठेवलेल्या फोनचं तसं नसतं. तो नंबर आपण कुणाला दिलेला नसतो, आपल्यालाही तो माहीत नसतो. मग तो वाजला तर पलीकडे रिसेप्शनशिवाय दुसरं कोण असणार? आमची फसवणूक या एका समजुतीच्या जोरावर झाली. ही समजूत खोटी आहे हे माहीत असलेलं आमच्या ओळखीत मला अजून कुणी भेटलेलं नाही, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

आई-बाबा उन्हाळ्यात आमच्याकडे अमेरिकेत आले होते. दोघंही आयुष्यभर नाटकं पाहत आलेले, तिसऱ्या घंटेच्या आधी खुर्चीत बसलेच पाहिजे अशा शिस्तीचे. त्यांना ब्रॉडवे दाखवायचं हे आम्ही फार आधीपासून ठरवलं होतं. आईचे गुडघे दुखतात, म्हणून थिएटरपासून चालत जाण्याच्या अंतरावरचं, टाइम्स स्क्वेअरजवळचं एक मोठं हॉटेल घेतलं. या भागातल्या काही हॉटेलांत दोन हजारांच्या आसपास खोल्या आहेत. इतक्या मोठ्या ठिकाणी शेजारशेजारच्या खोल्या मिळतीलच असं नाही. आम्हाला मिळाल्या त्या वेगवेगळ्या मजल्यांवर. आमची खाली, आई-बाबांची बरीच वर.

चेक-इनच्या वेळी काउंटरवरच्या मुलाने दोन्ही खोल्यांसाठी कार्डं मागितली. आमच्या खोलीसाठी मी माझं दिलं. आई-बाबांच्या खोलीसाठी बाबांनी त्यांच्याकडचं दिलं. ते माझ्याच खात्यावरचं जोडकार्ड आहे, अडीअडचणीला असावं म्हणून मी त्यांना करून दिलं होतं. किरकोळ खर्चापोटी दर रात्रीमागे काही रक्कम कार्डावर अडकवून ठेवू, ती नंतर सुटेल, असं त्या मुलाने सांगितलं. डेस्टिनेशन फीचाही, म्हणजे खोलीच्या भाड्यावर हॉटेल लावतं त्या सक्तीच्या आकाराचाही, उल्लेख केला. खोलीचा नंबर त्याने मोठ्याने उच्चारला नाही, चावीच्या पाकिटावर लिहून पुढे सरकवला. सुरक्षेसाठी चांगल्या हॉटेलांत असंच करतात. मला ते पाहून बरं वाटलं होतं.

रविवारी संध्याकाळी सातचा प्रयोग होता. थिएटरमध्ये शिरताना सगळ्यांनी मोबाइल मूक केले. प्रयोग सुंदर झाला. सुटल्यावर डफी स्क्वेअरमधल्या त्या लाल पायऱ्यांवर जरा वेळ बसलो. पायऱ्यांखाली सवलतीच्या तिकिटांची टीकेटीएस ही खिडकी आहे. टीडीएफ नावाची ना-नफा संस्था ती १९७३ पासून चालवते आणि त्या दिवसाच्या प्रयोगांची तिकिटं तिथे बऱ्याच कमी दरात मिळतात. बाबांना या व्यवस्थेचं फार कौतुक वाटलं. अकरा वाजून गेल्यावर आपापल्या खोल्यांत गेलो.

थोड्याच वेळात बाबांच्या खोलीतला फोन वाजला.

“गुड ईव्हनिंग सर, फ्रंट डेस्कवरून बोलतोय. इतक्या उशिरा त्रास देतोय, क्षमा करा. शो कसा झाला?”

बाबांना छान वाटलं. एवढ्या मोठ्या हॉटेलात आपण नाटकाला गेलो होतो हे कुणीतरी लक्षात ठेवलंय, असं ते नंतर मला म्हणाले. त्यांनी मनापासून दोन वाक्यांत प्रयोगाचं वर्णनही केलं. समोरच्याने ते ऐकून घेतलं, हसला, आणि मग मुद्द्यावर आला. संध्याकाळी हॉटेलची कॉम्प्युटर यंत्रणा बंद पडली होती, त्यात काही पाहुण्यांच्या कार्डांची माहिती पुसली गेली. “मी बोलतोय ते मिस्टर...” असं म्हणून तो अडखळल्यासारखा थांबला. बाबांनी आपलं आडनाव सांगितलं. “बरोबर, तेच.”

मग त्याने सांगितलं की चेक-इनला दिलेल्या कार्डावर रक्कम अडकवली गेलेली नाही, डेस्टिनेशन फीही बाकी दिसते, आणि बारा वाजता हॉटेलचा दिवस बदलला की यंत्रणा पुढच्या रात्रीचं बुकिंग आपोआप रद्द करेल. “आपण खाली आलात तरी चालेल सर. फक्त आत्ता इथे बरीच मोठी रांग आहे.” बाबांनी आईकडे पाहिलं. ती पाय लांब करून पडली होती.

बाबा म्हणाले, “कार्ड माझ्या मुलीच्या खात्याचं आहे. तिला विचारतो.” तो लगेच म्हणाला, “जरूर विचारा. तिच्या खोलीचं काम व्यवस्थित झालंय, झोपली असेल तर उठवायचं का ते तुम्ही ठरवा. अडचण फक्त तुमच्या खोलीची आहे.” मुलगी आहे, तिची खोली वेगळी आहे, हे त्याला बाबांच्याच बोलण्यातून आणि थोड्या अंदाजाने कळलं. तो पुढे म्हणाला, “म्हणजे बिलाचा पत्ता मुलीचा असणार. तिचा झिप कोड सांगता?” झिप कोड म्हणजे अमेरिकेतला पिन कोड. आमचा बाबांना पाठ आहे, पार्सलं पाठवतात ना नेहमी.

कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे, झिप कोड, एवढं त्याने घेतलं. शेवटी म्हणाला की तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल हॉटेलतर्फे उद्या संध्याकाळच्या प्रयोगाची दोन तिकिटं, अगदी पुढच्या ऑर्केस्ट्रा विभागातली (म्हणजे तळमजल्यावरच्या खुर्च्यांची), भेट म्हणून ठेवतो. सकाळी नऊनंतर कॉन्सिएर्जच्या, म्हणजे पाहुण्यांना तिकिटं वगैरेसाठी मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, टेबलावरून घ्या. नाटकाचं नावही सांगितलं. आईला तेच नाटक बघायचं होतं आणि आम्हाला त्याची तिकिटं मिळाली नव्हती. शहरभर ज्याची जाहिरात झळकतेय असं नाटक त्याने निवडलं होतं, एवढंच. आईला वाटलं, देवच पावला.

सोमवारी सकाळी नवाच्या ठोक्याला दोघं कॉन्सिएर्जच्या टेबलापाशी हजर. मी घाईघाईने खाली उतरले तेव्हा टेबलामागची बाई बाबांना समजावत होती की त्या नाटकाचा सोमवारी प्रयोगच नसतो. ब्रॉडवेवर बहुतेक नाटकांची सुट्टी सोमवारी असते. बाबा तिला पुन्हा पुन्हा सांगत होते, “अहो, तुमच्याच फ्रंट डेस्कवरून रात्री फोन आला होता.” त्या बाईचा चेहरा उतरला, आणि माझ्या पोटात गोळा आला. मोबाइल काढला. नाटकासाठी मूक केलेला तसाच होता. बँकेचे संदेश मध्यरात्रीनंतर एकाखाली एक येऊन पडले होते. आधी एक डॉलरच्या आतला व्यवहार, कार्ड चालतंय का हे बघण्यासाठी. मग ऑनलाइन घेतलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तू. मग गिफ्ट कार्डं. सगळे मिळून दोन हजार डॉलर्सच्या घरात.

ड्यूटीवरच्या मॅनेजरने नोंदी पाहिल्या. फोन बाहेरून आला होता, हॉटेलच्या मुख्य नंबरवर. फोन करणाऱ्याने ऑपरेटरला फक्त खोलीचा नंबर सांगितला आणि ऑपरेटरने जोडून दिला. आमच्या यंत्रणेत कुणी शिरलेलं नाही, पाहुण्यांची माहिती सुरक्षित आहे, असं मॅनेजरने दोनदा सांगितलं. ते खरं असेल. पण मला तेव्हा जे कळलं ते जास्त भीतिदायक होतं. त्या माणसाला कसल्याही यंत्रणेत शिरावं लागलंच नव्हतं. मजल्याचा आकडा आणि त्यापुढे खोलीचा आकडा, हा अंदाज कुणीही करू शकतो. एका खोलीत कुणी उचललं नाही तर पुढची. ज्या हॉटेलांत ऑपरेटरने पाहुण्याचं नाव विचारल्याशिवाय फोन जोडायचा नाही असा नियम आहे आणि तो पाळला जातो, तिथे हा डाव पहिल्याच पायरीवर अडतो. इथे अडला नाही.

त्या संभाषणातलं एकेक वाक्य मी नंतर बाबांकडून पुन्हा ऐकलं आणि लिहून काढलं. त्याला आमच्याबद्दल काहीही माहीत नव्हतं. “शो कसा झाला?” हा प्रश्न टाइम्स स्क्वेअरच्या आसपास रात्री अकरानंतर कुणालाही विचारला तरी दहातल्या निम्म्या वेळा तरी बरोबर ठरेल. ब्रॉडवेची म्हणून मोजली जातात ती थिएटरं ४१ आहेत, त्यांतली बहुतेक या एका भागात, आणि तिथल्या हॉटेलांत उतरलेली माणसं नाटकासाठीच आलेली असतात. चेक-इनला कार्ड सगळेच देतात. कार्डावर रक्कम सगळ्यांच्याच अडकवतात. डेस्टिनेशन फीचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं आणि ती नक्की कशाची हे नीटसं कुणालाच कळलेलं नसतं. त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य आम्हाला आमच्यासाठीच असल्यासारखं वाटलं. नाव, मुलगी, झिप कोड ही भर बाबांकडून पडत गेली, आणि पुढच्या वाक्यात तीच माहिती आधीपासून असल्यासारखी तो वापरत गेला.

वेळही नीट निवडलेली. दमलेली माणसं, मूक केलेले मोबाइल, मध्यरात्रीला उरलेली काही मिनिटं. आणि तिकिटांचं आमिष! बाबांना लोभ सुटावा म्हणून ती तिकिटं होती असं मला आधी वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. कार्डाची माहिती तर त्याच्या हातात आधीच आली होती. तिकिटांचा उपयोग एवढाच की आई-बाबा समाधानाने झोपले आणि सकाळी नऊपर्यंत रिसेप्शनला काही विचारायला गेले नाहीत. तेवढे तास त्याला खरेदीला मिळाले.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बाबांना ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे पक्कं माहीत आहे. भारतात कार्डाने ऑनलाइन काही घ्यायचं तर सहसा ओटीपी लागतो, त्यामुळे ओटीपी मागितला की धोका, अशी खूणगाठ आपल्या वडीलधाऱ्यांनी बांधून घेतली आहे. त्या माणसाने ओटीपी मागितलाच नाही. अमेरिकेत बहुतेक ऑनलाइन खरेदीला तो लागत नाही. नंबर, मुदत, मागचे तीन आकडे आणि बिलाच्या पत्त्याचा झिप कोड यांवर काम होतं. म्हणजे इथे झिप कोडलाही किल्लीसारखंच जपायला हवं, हे इथे पाहुणे म्हणून आलेल्या आईवडिलांना कुणी सांगत नाही. तुम्ही सांगा. विमानतळावरून घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात सांगा.

डेस्टिनेशन फीबद्दलही. ग्राहकांच्या हिताचं काम पाहणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेचा नियम १२ मे २०२५ पासून लागू झाला आहे. हॉटेलांनी आणि नाटक-संगीताच्या प्रयोगांची तिकिटं विकणाऱ्यांनी सक्तीचे सगळे आकार धरून एकूण किंमत आधीच दाखवायची, शेवटच्या पानावर नवी फी काढायची नाही. त्यामुळे बुकिंग करताना दिसलेल्या एकूण रकमेचा स्क्रीनशॉट ठेवा आणि तो सोबतच्या प्रत्येकाला पाठवा. रात्री कुणी “फी बाकी आहे” म्हणालं तर समोर ठेवायला तो कागद असतो. दुसरं म्हणजे न्यूयॉर्क शहराने २०२४ साली सेफ हॉटेल्स ॲक्ट हा कायदा केला. त्यानुसार हॉटेलला परवाना लागतो आणि फ्रंट डेस्कवर अहोरात्र माणूस असावा लागतो. रात्री दोन वाजताही तुम्ही फोन ठेवून, स्वतः शून्य फिरवून रिसेप्शनशी बोलू शकता. खाली रांग आहे असं सांगणाऱ्याला “असू दे, मी सकाळी येतो” म्हणता येतं. खऱ्या हॉटेलचं त्याने काहीही बिघडत नाही.

बुकिंग रद्द होण्याची धमकी नाटकासाठी आलेल्या माणसाला जास्त लागते, हेही या लोकांना ठाऊक असावं. ब्रॉडवेचं तिकीट एकदा घेतलं की सहसा परत होत नाही, तारीख बदलून मिळत नाही. तारीख पक्की, खोली त्याच रात्रीसाठी हवी, आणि ऐनवेळी दुसरी मिळाली तर दुप्पट-तिप्पट दराने. याच भीतीवर चालणारा दुसरा प्रकार प्रवासाच्या आधीच गाठतो. बुकिंगच्या संकेतस्थळाच्या आतल्या संदेशपेटीत हॉटेलच्याच नावाने संदेश येतो: कार्डाची पडताळणी झालेली नाही, चोवीस तासांत या दुव्यावर करा, नाहीतर खोली जाईल. त्यात तुमचं खरं नाव आणि खऱ्या तारखा असतात, कारण इथे हॉटेलच्या कर्मचाऱ्याचा पासवर्डच चोरलेला असतो. हॉटेलवाल्यांना असे बनावट ईमेल पाठवून त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरण्याच्या मोहिमेबद्दल मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये जाहीर इशारा दिला होता. आमच्या एका मैत्रिणीला लंडनच्या वेस्ट एंडची नाटकं बघायला जाण्याआधी असा संदेश आला. तिने हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून नंबर काढून फोन केला, आणि ती वाचली.

खोलीच्या दाराखालून सरकवलेली जेवणाची मेन्यूकार्डंही याच जातीची असू शकतात. नंबर छापलेला असतो, ऑर्डर घेतली जाते, कार्डाची माहिती घेतली जाते, जेवण येत नाही. यावरही फेडरल ट्रेड कमिशनने पूर्वीच सावध केलेलं आहे.

आता पैशांचं काय झालं ते. मी लॉबीतूनच कार्डामागच्या नंबरवर बँकेला फोन केला. कार्ड त्याच क्षणी बंद झालं आणि व्यवहारांवर हरकत नोंदवली गेली. ते क्रेडिट कार्ड होतं, हा मोठा आधार ठरला. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे क्रेडिट कार्डाच्या अनधिकृत वापरात ग्राहकावर जास्तीत जास्त ५० डॉलर्सची जबाबदारी येते, आणि बिलातल्या चुकीबद्दलची लेखी तक्रार पहिलं बिल पाठवल्यापासून ६० दिवसांत करायची असते. काही आठवड्यांनी बँकेने आमचे सगळे पैसे परत केले. डेबिट कार्डाचे नियम कडक आहेत. कळल्यापासून कामाच्या दोन दिवसांत बँकेला सांगितलं तर जबाबदारी ५० डॉलर्सपर्यंत. त्यानंतर ५०० डॉलर्सपर्यंत. आणि स्टेटमेंट पाठवल्यावर ६० दिवस उलटून गेले तर त्यापुढे झालेल्या नुकसानाला मर्यादाच राहत नाही. शिवाय पैसे खात्यातून आधी गेलेले असतात आणि परत येईपर्यंत वाट पाहायची वेळ आपल्यावर येते. हॉटेलला चेक-इनच्या वेळी डेबिट कार्ड देऊ नका, आईवडिलांच्या हातातही हॉटेलपुरतं क्रेडिट कार्डच असू द्या, आणि त्या जोडकार्डाची खर्चमर्यादा बँकेकडून कमी करून घेता येत असेल तर घ्या. फेडरल ट्रेड कमिशनच्या ‘रिपोर्टफ्रॉड’ या संकेतस्थळावरही आम्ही तक्रार नोंदवली.

बाबांना या प्रकाराचा फार त्रास झाला. पुढचे कितीतरी दिवस ते फोनच उचलत नव्हते, माझाही नाही. “माझ्यामुळे तुला भुर्दंड,” एवढंच म्हणत राहायचे. त्यांना मी जे सांगितलं तेच इथे लिहिते. अनोळखी शहरात मध्यरात्री, हॉटेलच्याच फोनवर, हॉटेलच्या नावाने बोलणाऱ्या माणसाशी ते सभ्यपणे बोलले. दोष फसवणाऱ्याचा आहे, आणि त्यानंतर त्या हॉटेलचा, ज्याने न विचारता फोन जोडला. घरातल्या कुणाबाबतीत असं झालं तर कृपा करून त्यांच्यावर चिडू नका. चिडलात तर पुढच्या वेळी ते तुम्हाला सांगणारच नाहीत, आणि इथे वेळेवर सांगण्यालाच किंमत आहे.

हॉटेलला मी लेखी विचारलं की नाव न विचारता फोन का जोडला, आणि “आम्ही फोनवर कार्डाची माहिती कधीही मागत नाही” अशी चार शब्दांची पाटी प्रत्येक फोनशेजारी का नाही. दिलगिरीचं पत्र आलं, दोन्ही प्रश्नांना उत्तर नव्हतं. म्हणून आता मोठ्या हॉटेलात उतरताना चेक-इनलाच मी सांगते की बाहेरून येणारे फोन आमच्या खोल्यांना जोडू नका. बहुतेक हॉटेलं हे करून देतात, वेगळे पैसे लागत नाहीत, रिसेप्शनचे आणि आपले आपसातले फोन चालू राहतात. आई-बाबांच्या खोलीसाठी हे सांगून झाल्यावर काउंटरवरच्या माणसाला त्यांच्यासमोरच विचारते, “तुम्ही रात्री फोन करून कार्ड नंबर मागता का?” त्याचं “नाही” त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं बरं.